अडकित्ता

अडकित्ता हे सुपारी फोडण्यासाठी आणि कातरण्यासाठी वापरले जाणारे हातातील साधन आहे. एका टोकाला खिळ्याने जोडलेले दोन दांडे, वरच्या दांड्यावर धारदार पाते आणि खालच्या दांड्यावर सुपारी टेकवण्याची बैठक अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. महाराष्ट्रात पानाचा डबा, तबक आणि चंची यांच्यासोबत अडकित्ता हा विडा तयार करण्याच्या साहित्याचा आवश्यक भाग मानला जाई. लोखंड, पोलाद व पितळ यांचे साधे अडकित्ते घरोघरी वापरात होते, तर मोर, पोपट, घोडा अशा आकारांचे अलंकृत अडकित्ते धातुकामाचे नमुने म्हणून संग्रहालयांत जतन केलेले आहेत. तयार कातरलेली सुपारी पुडीतून मिळू लागल्यापासून अडकित्त्याचा रोजचा वापर घटला आहे. सुपारी कर्ककारक असल्याचे सिद्ध झाल्यामुळे या साधनाच्या मूळ उपयोगाकडे आता आरोग्याच्या दृष्टीनेही पाहिले जाते.

नाव आणि व्युत्पत्ती

अडकित्ता या शब्दाचा संबंध द्रविड भाषांतील सुपारीवाचक शब्दाशी जोडला जातो. कन्नडमध्ये सुपारीला 'अडिके' किंवा 'अडके' व कात्रीला 'कत्तरी' म्हणतात. त्यावरून सुपारी कातरण्याच्या साधनाला 'अडकत्तरी' हे नाव आहे. तेलुगूमधील 'अडकत्तेर' हा शब्दही त्याच घडणीचा आहे. मल्याळममधील 'अडक्का' हा सुपारीवाचक शब्द पोर्तुगीजांमार्फत युरोपीय भाषांत गेला आणि त्यावरून सुपारीच्या झाडाच्या वंशाला 'अरेका' हे शास्त्रीय नाव मिळाले. मराठी अडकित्ता आणि वनस्पतिशास्त्रातील अरेका हे शब्द अशा रीतीने एकाच मुळाशी येऊन पोहोचतात.

संस्कृतमध्ये सुपारीला पूग, पूगीफल आणि क्रमुक अशी नावे आहेत. कोकणात सुपारीच्या झाडाला पोफळ किंवा पोफळी म्हणतात. हा शब्द पूगफल या संस्कृत शब्दावरून आला आहे. संस्कृत व्याकरणात तृतीया तत्पुरुष समासाचे उदाहरण म्हणून दिल्या जाणाऱ्या 'शंकुलाखंड' या शब्दातील शंकुला म्हणजे अडकित्ता किंवा तत्सम कातरण्याचे साधन, असा अर्थ केला जातो.

इतर भाषांतील काही नावे पुढीलप्रमाणे आहेत:

- हिंदी: सरौता
- गुजराती: सूडी
- बंगाली: जाँती
- तमिळ: पाक्कुवेट्टी
- सिंहली: गिरय
- मलय: कचिप

रचना

अडकित्त्याचे पाते, बैठक, खिळा आणि मुठी असे चार मुख्य भाग असतात.

पाते हे पोलादाचे किंवा पोलादी धार बसवलेल्या लोखंडाचे असते. त्याची धार बहुधा किंचित बाकदार असते. दांडे मिटताना अशी धार सुपारीवर एकदम न आदळता एका बाजूने आत शिरते. पात्याची पाठ जाड आणि धार पातळ असल्याने ते पाचरीसारखे काम करते.

बैठक हा खालच्या दांड्याचा खिळ्याजवळचा रुंद भाग असतो. काही अडकित्त्यांत ती सपाट असते, तर काहींत सुपारी घरंगळू नये म्हणून तिला उथळ खोलगटपणा दिलेला असतो.

खिळा दोन्ही दांडे जोडून ठेवतो आणि त्याभोवती पाते फिरते. जुन्या घडीव अडकित्त्यांत तो ठोकून कायमचा बसवलेला असतो. नव्या अडकित्त्यांत काही वेळा त्याच्या जागी पेचाचा स्क्रू असतो. स्क्रू सैल झाला तर पुन्हा आवळता येतो.

मुठी लोखंडी किंवा पितळी असतात. त्यांची टोके बाहेर वळवलेली किंवा गोल केलेली असतात, त्यामुळे हात घसरत नाही. अलंकृत अडकित्त्यांत कारागिराची कला मुख्यतः मुठींवर आणि खिळ्याजवळच्या भागावर दिसते. पक्ष्याची चोच, घोड्याची मान किंवा स्त्री-पुरुषाची जोडी असे आकार, जाळीकाम, कोरीव वेलबुट्टी आणि मुठींच्या टोकांना लावलेली घुंगरे असे विविध प्रकार आढळतात.

कार्यतत्त्व

अडकित्ता हे दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण आहे आणि शालेय विज्ञानात ते नेहमी दिले जाते. या प्रकारात टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार दोहोंच्या मध्ये असतो. अडकित्त्यात खिळा हा टेकू, मुठीवरील हाताचा दाब हे बल आणि सुपारीचा विरोध हा भार असतो. लिंबू पिळण्याचे साधन याच तत्त्वावर चालते. कात्री मात्र पहिल्या प्रकारची तरफ आहे, कारण तिचा टेकू मध्यभागी असतो. चिमटा तिसऱ्या प्रकारात मोडतो.

वाळलेली सुपारी अत्यंत कठीण असते. साध्या सुरीने ती कापायला गेल्यास सुरी घसरते किंवा सुपारी उडते. अडकित्त्यात सुपारी खिळ्याजवळ ठेवल्यामुळे हाताचा जोर अनेक पटींनी वाढतो. समजा, सुपारी खिळ्यापासून २ सेंमी अंतरावर आहे आणि हात १४ सेंमी अंतरावर आहे. अशा स्थितीत यांत्रिक फायदा ७ येतो. म्हणजे घर्षण सोडल्यास हाताने १० किलो वजनाइतका दाब दिला तर सुपारीवर ७० किलो वजनाइतका दाब पडतो. तीच सुपारी खिळ्यापासून ४ सेंमी अंतरावर ठेवली तर हा फायदा निम्मा, म्हणजे ३.५ होतो. अख्खी सुपारी फोडताना ती शक्य तितकी आत, खिळ्यालगत ठेवण्याची रीत यामुळेच पडली आहे.

जोर वाढला तरी श्रम वाचत नाहीत. सुपारीत पाते जितके अंतर आत जाते, त्याच्या तितक्याच पटींनी हाताला अधिक अंतर जावे लागते. लांब मुठींचा अडकित्ता चालवायला हलका वाटतो, परंतु त्याची उघडझाप मोठी असते.

सुपारीचे प्रकार आणि काप

अडकित्त्याचा आकार आणि धार कोणत्या सुपारीसाठी वापरायची यावर अवलंबून असते. सुपारी कापल्यावर आतल्या गरात पांढऱ्या आणि तपकिरी रेषांची संगमरवरासारखी नक्षी दिसते. पिकलेली फळे उन्हात अनेक आठवडे वाळवून आणि सोलून पांढरी सुपारी तयार होते. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनची रोठा सुपारी या प्रकारात प्रसिद्ध असून, आतला पांढरा भाग अधिक असणे हे तिच्या प्रतीचे लक्षण मानले जाते. कोवळी फळे सोलून, उकळून आणि वाळवून चिकणी सुपारी करतात. ती लालसर व चकचकीत असते.

कातरण्याच्या पद्धतीनुसार सुपारीला वेगवेगळी नावे मिळतात. सुपारीचे दोन किंवा चार मोठे तुकडे केले की त्यांना खांडे म्हणतात. पातळ कापांना कातरलेली सुपारी म्हणतात. याहून बारीक केल्यास चुरा होतो. दात नसलेल्या वृद्धांसाठी विडा लहान खलबत्त्यात कुटून देण्याची पद्धत होती. त्यासाठीही आधी अडकित्त्याने सुपारी फोडून घ्यावी लागे.

निवड

चांगल्या अडकित्त्याची पारख पुढील गोष्टींवरून केली जाते.

पात्याची आणि बैठकीची जुळणी ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. अडकित्ता मिटून उजेडासमोर धरल्यावर धार आणि बैठक यांच्यामध्ये फट दिसू नये. फट राहिल्यास सुपारीचा शेवटचा भाग कापला न जाता तुटतो आणि चुरा अधिक पडतो.

खिळ्याचा ताठपणा दुसऱ्या क्रमांकावर येतो. दांडे वरखाली सहज हलावेत, पण डावी-उजवीकडे डुलू नयेत. सैल खिळ्यामुळे पाते तिरके उतरते, काप एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतात आणि धार बैठकीच्या कडेवर घासून बोथट होते.

मुठींमधील अंतर तपासणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. अडकित्ता पूर्ण मिटल्यावरही दोन मुठींमध्ये बोटभर जागा उरावी. तशी जागा नसल्यास सुपारी अचानक फुटताच तळहाताची कातडी मुठींमध्ये चिमटते.

धातू आणि वजन यांची निवड उपयोगानुसार केली जाते. संपूर्ण पितळी अडकित्ता देखणा असला तरी पितळ पोलादापेक्षा मऊ असते आणि त्याची धार टिकत नाही. म्हणून कामाच्या अडकित्त्यात मुठी पितळी असल्या तरी पाते पोलादी असते. अख्खी वाळलेली सुपारी फोडण्यासाठी जड आणि जाड पाठीचा अडकित्ता लागतो. खांडांचे पातळ काप करण्यासाठी हलका, लांब आणि पातळ धारेचा अडकित्ता सोयीचा पडतो. रोजची मोठी सुपारी कातरणाऱ्या घरांत आणि दुकानांत असे दोन अडकित्ते ठेवले जात. पानाच्या दुकानात खालचा दांडा लाकडी फळीवर पक्का बसवलेला अडकित्ताही वापरतात. त्यात एक हात सुपारी सरकवण्यासाठी मोकळा राहतो.

वापर

कातरण्यापूर्वी सुपारी पाहून घेतली जाते. बुरशी आलेली, किडलेली, कुबट वासाची किंवा आतून काळी पडलेली सुपारी टाकून देतात. फार कठीण सुपारी काही काळ पाण्यात भिजवल्यास कातरणे सोपे होते आणि चुरा कमी पडतो.

अख्खी सुपारी फोडताना तिचे सपाट बूड बैठकीवर टेकवून ती खिळ्यालगत धरतात. पाते सुपारीच्या टोकावर टेकवून सावकाश दाब वाढवला जातो. झटका दिल्यास सुपारी उडते किंवा वेडीवाकडी फुटते. दोन भाग झाल्यावर प्रत्येक भाग कापलेल्या सपाट बाजूवर ठेवला की तो घरंगळत नाही. त्यानंतर भाग थोडा थोडा पुढे सरकवत पातळ काप पाडतात. सुपारी धरणारी बोटे नेहमी पात्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवली जातात आणि तुकडा लहान झाला की तो बोटांनी न धरता बैठकीवर सोडून कापला जातो. अडकित्त्याने होणाऱ्या जखमा बहुधा अशा शेवटच्या लहान तुकड्याच्या वेळी होतात.

वापर झाल्यावर पाते कोरड्या फडक्याने पुसतात. सुपारीतील तुरट द्रव्यांमुळे ओलसर लोखंडावर काळे डाग पडतात आणि गंज धरतो. खिळ्यावर अधूनमधून तेलाचा थेंब सोडला जातो. धार लावताना पात्याचा मूळ बाक कायम ठेवावा लागतो. मधलाच भाग घासला गेल्यास पाते आणि बैठक यांच्यात फट पडते. मिटलेला अडकित्ता दोऱ्याने बांधून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवतात.

इतिहास

भारतात तांबूलसेवनाची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तांबूलाचे गुण सांगितले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलभोगाचे वर्णन येते. चौदाव्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता याने सुपारीचे बारीक तुकडे करून ती पानासोबत चघळण्याची पद्धत नोंदवली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी तांबूलाच्या इतिहासावर संशोधनपर लेखन केले.

लोखंडी अवजारे गंजतात, झिजतात आणि मोडीत निघतात. त्यामुळे फार जुने अडकित्ते क्वचितच टिकले आहेत. संग्रहालयांत आज दिसणारे अलंकृत अडकित्ते बहुतांशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत. दरबारी शिष्टाचारात भेटीच्या शेवटी अत्तर, गुलाब आणि पानसुपारी देऊन निरोप देण्याची रीत होती. पानदान आणि त्यासोबतचा अडकित्ता यांची घडण त्यामुळे यजमानाच्या प्रतिष्ठेशी जोडली गेली. गुजरातमध्ये जामनगर हे शहर सूडी बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. भारताबाहेर श्रीलंका, मलय द्वीपकल्प, जावा आणि बाली येथेही सुपारी कातरण्याच्या साधनांच्या स्वतंत्र शैली विकसित झाल्या. गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी भारत आणि आग्नेय आशियातील अशा साधनांचा मोठा संग्रह केला होता. त्यावर हेन्री ब्राउनरिग यांनी पुस्तक लिहिले आहे.

महाराष्ट्रातील प्रसार

सुपारी हे उष्ण, दमट हवामानातील बागायती पीक आहे. महाराष्ट्रात पोफळीच्या बागा मुख्यतः कोकण किनारपट्टीवर आढळतात. श्रीवर्धन परिसरातील अशा बागांचे ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात मोठे नुकसान झाले. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरायला काही वर्षे लागत असल्याने या नुकसानीचा परिणाम दीर्घकाळ राहिला.

अडकित्त्याचा प्रसार मात्र सुपारीच्या बागांपुरता मर्यादित नाही. पालघर जिल्ह्याच्या भूरचनेवरून याचे कारण समजते. वसई, केळवे आणि माहीम या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात सुपारीच्या आणि पानवेलीच्या वाड्या आहेत. त्याच जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके डोंगराळ आहेत. तेथे पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, परंतु उतारांवरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात टंचाई भासते. पोफळीला वर्षभर ओल लागते. त्यामुळे अशा भागांत सुपारी बाजारातूनच येते. वाळलेली अख्खी सुपारी दूरवर नेता येते आणि नीट साठवल्यास बराच काळ टिकते. कातरलेली सुपारी मात्र लवकर ओल धरते आणि तिला बुरशी येते. या कारणाने पूर्वीच्या व्यापारात सुपारी अख्खीच विकली जाई आणि ती कातरण्याचे काम खाणाऱ्याच्या घरी होत असे. सुपारी न पिकणाऱ्या घाटावरील आणि डोंगराळ भागांतील घरांतही अडकित्ता आढळतो, तो यामुळेच.

ग्रामीण महाराष्ट्रात पान, सुपारी, चुना, कात आणि तंबाखू ठेवण्यासाठी अनेक कप्प्यांची कापडी चंची वापरली जाई. तिची गुंडाळी करून बंदाने बांधत आणि ती कनवटीला किंवा कमरेला खोचत. प्रवासात आणि शेतावर नेण्याचा लहान अडकित्ता या चंचीतच असे.

धार्मिक आणि सामाजिक संदर्भ

पूजेत सुपारी ही गणपतीचे आणि नवग्रहांचे प्रतीक म्हणून मांडली जाते. पूजेसाठी अख्खी, न फुटलेली सुपारी लागते. अडकित्त्याचा संबंध येतो तो पूजेनंतरच्या विड्याशी आणि पाहुणचाराशी. घरी आलेल्या व्यक्तीपुढे पानाचे तबक ठेवणे हा आदराचा भाग होता. तबकातील अडकित्त्याने पाहुणा आपल्याला हवी तशी सुपारी कातरून घेई.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत विवाह ठरल्याची खूण म्हणून दोन्ही पक्षांच्या साक्षीने सुपारी फोडतात. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की झाली असे समजले जाते. बंगालमध्ये विवाहाच्या वेळी नवरदेव हातात जाँती बाळगतो. लोखंडामुळे दुष्ट शक्ती दूर राहतात या लोकसमजुतीतून बाळंतिणीच्या उशाशी सुरी, विळा किंवा अडकित्ता यांसारखी लोखंडी वस्तू ठेवण्याची चालही होती.

भाषेतील वापर

सुपारी आणि विडा यांवरून मराठीत अनेक शब्दप्रयोग रूढ झाले आहेत.

- अडकित्त्यात सापडणे: दोन्ही बाजूंनी कोंडी होणे. पाते आणि बैठक यांमध्ये अडकलेल्या सुपारीवरून हा प्रयोग आला आहे.
- सुपारी फुटणे: विवाह निश्चित होणे.
- सुपारी देणे: मूळ अर्थ एखाद्या कामासाठी किंवा कार्यक्रमासाठी करार करून आगाऊ रक्कम देणे. तमाशाचा फड किंवा वाजंत्री ठरवताना हा प्रयोग होई. पुढे पैसे देऊन खून करवणे या अर्थाने तो वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरला.
- विडा उचलणे: अवघड काम पार पाडण्याची प्रतिज्ञा करणे.
- सुपारी लागणे: सुपारी खाल्ल्यावर घाम येणे, गरगरणे, छातीत दडपल्यासारखे वाटणे. सुपारीतील अल्कलॉइडांचा हा परिणाम असतो.

तत्सम साधने

कडक किंवा गुंडाळलेला पदार्थ सेवनापूर्वी कापण्याची साधने इतर संस्कृतींतही आहेत. पाश्चात्त्य देशांत सिगारचे बंद टोक कापण्यासाठी सिगार कटर वापरतात. त्याच्या सरळ प्रकारात सिगारचे टोक सपाट कापले जाते, तर व्ही आकाराच्या पात्याच्या प्रकारात टोक न काढता त्यावर पाचरीच्या आकाराची खाच पाडली जाते. पाते ठरावीक खोलीपर्यंतच उतरत असल्याने बाहेरचे पान उलगडत नाही. सिगारचे पान मऊ आणि नाजूक असते; तेथे जोरापेक्षा धारेला महत्त्व असते. अडकित्त्यात धारेइतकाच तरफेचा जोर आवश्यक असतो. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथील चिरूट दोन्ही टोकांना उघडाच असल्याने त्याला कटर लागत नाही. चिरूट हा शब्द तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, यावरून आला आहे. विडीलाही कटर लागत नाही. मात्र विडी वळण्यापूर्वी तेंदूचे पान ठरावीक मापात कात्रीने कापावे लागते.

आरोग्यविषयक बाबी

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पानविडा कर्ककारक असल्याचे १९८५ मध्ये जाहीर केले. २००४ मध्ये प्रकाशित झालेल्या तिच्या ८५व्या खंडात तंबाखूविरहित पानविडा आणि स्वतः सुपारी यांनाही मानवासाठी कर्ककारक असलेल्या पहिल्या गटात टाकण्यात आले. त्यामुळे तंबाखू न घालता खाल्लेली सुपारी निर्धोक असते, हा समज चुकीचा आहे. घरी अडकित्त्याने कातरलेल्या साध्या सुपारीलाही हेच लागू होते.

सुपारी चघळण्याशी निगडित असलेला एक आजार म्हणजे मुखातील अधःश्लेष्मल तंतुमयता. त्यात गालांच्या आणि टाळूच्या आतील आवरणाखाली तंतुमय ऊती वाढतात, तिखट खाल्ल्यावर आग होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. केनियातील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केले. १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांच्या आधारे त्याला तंतुमयतेचे नाव दिले. या आजाराचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. एकदा तयार झालेली तंतुमय ऊती पूर्ववत होत नसल्याने सुपारी लवकरात लवकर बंद करणे हा उपचारातील पहिला भाग असतो. तोंडात बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा अथवा तोंड उघडण्यात अडचण आढळल्यास दंतवैद्याकडून किंवा डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. भारतातील पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे.

सद्यस्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातरलेली, सुगंधी सुपारी, पानमसाला आणि गुटखा लहान पुड्यांमधून मिळू लागला. अडकित्त्याने सुपारी कातरायला वेळ, जागा आणि सवयीचा हात लागत असे. पुडीला यांपैकी काहीच लागत नाही. पुडी स्वस्त आणि खिशात मावणारी असल्याने ती शाळकरी मुलांपर्यंतही पोहोचली. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाला यांचे उत्पादन, साठवणूक आणि विक्री यांवर बंदी घातली. मोठ्या प्रमाणावर सुपारी कातरण्याचे काम आता यंत्रांवर होते.

घरगुती वापरात अडकित्ता पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. बदाम आणि काजू यांचे काप करणे, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध आणि खडीसाखर फोडणे यांसाठी तो अनेक स्वयंपाकघरांत वापरला जातो. या कामांना सुपारीइतका जोर लागत नसल्याने आता बाजारात हलके, स्टेनलेस स्टीलचे अडकित्ते मिळतात.

संग्रह

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दैनंदिन वापराच्या जुन्या वस्तूंमध्ये विविध आकारांचे अडकित्ते आणि पानदाने आहेत. कवी 'अज्ञातवासी' म्हणून ओळखले जाणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी हा संग्रह उभारला आणि आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. अहमदाबादमधील 'विशाला' येथील भांड्यांच्या संग्रहालयातही सूड्यांचा संग्रह आहे. अशा संग्रहांमुळे राजदरबारातील अलंकृत नमुन्यांबरोबर गावातील लोहाराने घडवलेले, निनावी कारागिरांचे साधे अडकित्तेही अभ्यासासाठी उपलब्ध झाले आहेत.

हे सुद्धा पहा

- सुपारी
- तांबूल
- पानदान
- तरफ
- श्रीवर्धन